सकाळचा यमन

सकाळी साडेसातला मी यमन शिकवते.
तोंडी परीक्षेत हे बोलले असते
तर बाहेरून आलेल्या परीक्षकांनी
चष्मा काढून नुसता पुसला असता.
पण दिवेलागणीला पोरं येत नाहीत.
नहराच्या पाळीवर पंजे उमटलेले असतात,
आणि ग्रामपंचायतीचा भोंगा सांगतो,
कोणी एकट्याने फिरू नये.
रागाची वेळ वनखात्याने ठरवावी
असं कुठल्या ग्रंथात आहे, मला सापडलेलं नाही.

खोली लांजेवारांच्या राइस मिलची, वरची.
भाडं नाही. अट एकच,
गणपतीपर्यंत नातवाला एक तरी गाणं यावं.
नातू कुठल्याच सुरात लागत नाही,
पण टाळी खाली चुकवत नाही.
मी म्हणते, काका, हेही पुष्कळ आहे.
खाली पट्टा फिरतो, कोंडा उडतो,
मिल घुमत राहते काळी चारच्या किंचित खाली.
तंबोरा परवडला नाही.
फोनमधला तंबोरा मी मिलशी जुळवून घेतला.
पोरांना वाटतं, सा म्हणजे धान भरडल्याचा आवाज.
मी दुरुस्त करत नाही.

दुर्वास माझ्याच बॅचचा. तबला विशारद, वर एम. ए.
कॉलेजात तासिका तत्त्वावर, आठवड्याला सहा तास,
मानधन मार्चमध्ये,
नाहीतर पुढच्या मार्चमध्ये.
म्हणून दिवाळी ते होळी आम्ही दोघं नाटकाच्या गाडीत.
मंडई असो की शंकरपट,
रात्रभर प्रयोग, पहाटे पाचला भैरवी,
आणि मग अंगात कालचीच साडी घेऊन
मी साडेसातला मिलच्या पायऱ्या चढते.
मंचापुढच्या खड्ड्यात मी पायपेटीवर, तो तबल्यावर,
शेजारी ऑक्टोपॅडवाला,
ज्याची नाईट आमच्या दोघांच्या बेरजेएवढी.
मालक म्हणतात, "क्लासिकलवाले ना तुम्ही?
इतकं हळू नका वाजवू, पब्लिक झोपते."
खलनायक पडला की तिहाई कुठे टाकायची
हे दुर्वास एका हंगामात शिकला.
त्याचे गुरुजी गेले त्या रात्रीही प्रयोग होता.
त्याने फक्त डग्गा थोडा उतरवून घेतला.
कोणाला कळलं नाही.
मला कळलं.

परवा पिंपळटोल्याला
पडदा उघडायच्या आधीच लाइन गेली.
जनरेटर नुसता खोकत होता.
तीन हजार माणसं, मोबाइलचे दिवे, शिट्ट्या.
मालक खड्ड्यात वाकले,
"बाई, काही बी वाजवा, पण थांबू नका."
पायपेटीला वीज लागत नाही.
बोटं आपणहून नि रे ग वर गेली.
फोनमध्ये पाहिलं, आठ वाजून पन्नास.
प्रहर संपायला दहा मिनिटं बाकी होती.
कॉलेज सुटल्यापासून
यमन त्याच्या वेळेला मी वाजवलाच नव्हता.

तीव्र मध्यम अंधारात वेगळाच लागतो,
हे मी विसरले होते.
सकाळी तो कोंड्यात माखलेला असतो,
त्याला शिंका येतात.
इथे तो थंडीत उभा राहिला, घोंगडं न घेता.
दुर्वासने माझ्याकडे पाहिलं,
आणि चार महिन्यांत पहिल्यांदा
विलंबित धरला.
मागून कोणीतरी ओरडलं, "लावणी घ्या, लावणी!"
कोणीतरी त्याला गप्प केलं.
ऑक्टोपॅडवाला विडी विझवून बसला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने,
मफलरीत गुंडाळलेली, आईच्या मांडीवरून उठून
माझी सावरी गहाणे, इयत्ता चौथी,
सगळ्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात,
"मॅडम! हा त आपला सकारचा गाना होये!"

लोक हसले.
मी पण हसले, भाता मारायचा राहिला,
स्वर जरा खाली बसला.
मिलच्या साएवढाच.